डावा हात काय करतो?

माझा उजवा हात हुशार आहे. डावाही तसा बरा आहे. प्रॉब्लेम एवढाच की, दोघांची एकमेकांशी ओळख नाही.

हे मला कळलं पियानोच्या क्लासात. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचं काही ना काही चालू असतं. कुणी सालसा, कुणी फ्रेंच, कुणी जिमची वर्षाची फी भरून आठवडाभर जिम. मी पियानो निवडला. म्हणजे क्लासात पियानो आणि घरी एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड. पहिल्या महिन्यात उजव्या हाताची स्केल बसली. दुसऱ्या महिन्यात डाव्याची. मी जाम खूश. मग एका बुधवारी सर शांतपणे म्हणाले, ‘‘नाऊ, हँड्स टुगेदर.’’

पहिले तीन सूर झक्कास गेले. चौथ्याला उजवा हात वळला, आणि डाव्यानं त्याचं बघून वळायचा प्रयत्न केला. पाचव्याला दोघंही थांबले. एफसी रोडवर दोन टू-व्हीलरवाले समोरासमोर येऊन ‘तू आधी जा, नाही तू आधी जा’ करतात ना, अगदी तसे. शेजारच्या खुर्चीवरची आठ वर्षांची चिमुरडी तोंड दाबून हसत होती. तिचं ते कधीच येऊन गेलं होतं.

तुमच्यापैकी जे कुणी कीबोर्ड, पियानो शिकताय किंवा कपाटावर ठेवून विसरलाय, त्यांच्यापैकी बहुतेकांची गाडी इथेच अडकली असणार. तेव्हा आधी हे नेमकं काय होतं, ते बघू.

बोटांचं गणित

पियानोवर शिकवली जाणारी पहिली स्केल असते सी मेजर. गाण्याच्या क्लासला गेलेल्यांसाठी सांगायचं तर पांढरी एकचा बिलावल. सा रे ग म प ध नी सां, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. सूर आठ आणि हाताला बोटं पाच. म्हणजे मध्ये कुठेतरी हात वळवावा लागणार.

पियानोत बोटांना नंबर असतात. दोन्ही हातांचा अंगठा १, करंगळी ५. उजवा हात १-२-३ वाजवतो, मग अंगठा मधल्या बोटाच्या खालून जाऊन ‘म’वर येतो आणि पुढे १-२-३-४-५. डावा हात करंगळीपासून सुरू करतो: ५-४-३-२-१. अंगठा ‘प’वर आला की बोटं संपली. मग मधलं बोट अंगठ्यावरून उडी मारून ‘ध’वर जातं आणि ३-२-१ करून वर पोचतं.

आता गंमत बघा. उजवा वळतो ‘म’ला, डावा वळतो ‘ध’ला. उजव्याचा अंगठा खालून जातो, डाव्याचं मधलं बोट वरून येतं. सूर तेच, दिशा तीच, पण बोटं वेगळी आणि वळणाची जागाही वेगळी.

हा अंगठ्याचा उद्योगही फार जुना नाही बरं का. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा सी. पी. ई. बाख यानं १७५३ मध्ये कीबोर्ड वाजवण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की, वडिलांच्या तरुणपणी मोठमोठे वादकसुद्धा अंगठा अगदी लांबचा सूर गाठायचा असेल तरच वापरायचे. म्हणजे आपला अंगठा गोंधळला तर त्याला माफ करायला हरकत नाही.

आणि शरीर तर त्याहून हट्टी. एक प्रयोग करून बघा, आत्ता, बॉस बघत नसताना. दोन्ही हातांच्या तर्जनी समोर धरा आणि दोन्ही एकाच वेळी उजवीकडे, मग डावीकडे हलवा, गाडीच्या वायपरसारख्या. आता स्पीड वाढवा. आणखी वाढवा. एका क्षणी तुमच्या नकळत दोन्ही बोटं आरशातल्यासारखी, एकदम आत आणि एकदम बाहेर व्हायला लागतील. स्कॉट केल्सो या अमेरिकी संशोधकानं १९८०च्या दशकात हाच प्रयोग करून यावर बरंच काम केलं. आपल्या दोन हातांना मुळात आरशासारखं हलायला आवडतं. सी मेजर दोन्ही हातांनी वाजवणं म्हणजे या सवयीविरुद्ध जाणं.

हे कळल्यावर मला बरं वाटलं. मी ‘ढ’ नाही, मी नॉर्मल आहे. पण बरं वाटल्यानं स्केल येत नाही.

पहाडावर

दिवाळीत मी कीबोर्ड पाठीवर मारून घरी गेले. घर म्हणजे जिवती. चंद्रपूर जिल्हा. बल्लारशाहला उतरायचं, राजुरा, गडचांदूर करत यायचं आणि मग घाट चढायचा. आमच्याकडे कुणी जिवतीला चाललो असं म्हणत नाही, ‘पहाडावर चाललो’ म्हणतात. माणिकगडच्या डोंगररांगा, पलीकडे तेलंगणा, गोंड आणि कोलामांचे गुडे, आणि आमच्यासारखी मराठवाड्यातून येऊन वसलेली घरं. कापूस, तूर आणि दर वर्षी सप्ताह.

आमचे अण्णा म्हणजे माझे वडील, सप्ताहातले पेटीवाले. गेली तीस-पस्तीस वर्षं हरिपाठ, काकडा, कीर्तन, जे असेल त्याला पेटी अण्णांची. शिकले कुठे नाहीत. कानानं वाजवतात. बुवा कुठल्याही पट्टीत गाऊ देत, अण्णा तिथं जाऊन बसतात.

मी ओसरीवर कीबोर्ड मांडला. लाइट नव्हती, म्हणून सहा सेल घातले. उजव्या हातानं स्केल वाजवली. अण्णा ऐकत होते. मग डाव्या हातानं वाजवली, तेव्हा ते जरा पुढे सरकले.

‘‘डावा हात काय करायलाय गं तुझा?’’

‘‘तेच वाजवायलाय, अण्णा. दोन्ही हातांनी वाजवतात हे.’’

‘‘मग भाता कोण मारतंय?’’

मी हसले. पण नंतर तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. कारण तो प्रश्न एकट्या अण्णांचा नव्हताच.

आपल्याकडे पट्ट्यांचं वाद्य म्हणजे पेटी. आणि पेटीत डाव्या हाताला एकच काम, भाता. हे पहिल्यापासून असं नव्हतं. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेन यानं १८४२ मध्ये घेतलं, तेव्हा ती पायानं हवा भरायची पेटी होती. खुर्चीवर बसायचं, पायानं पेडल मारायचं, दोन्ही हात पट्ट्यांवर. पण आपल्याकडे गाणारा बसतो मांडी घालून. १८७५च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचं रूप बदललं. पाय गेले, भाता मागे आला आणि डावा हात कायमचा त्या भात्याला जुंपला गेला. सौदा आपल्या फायद्याचाच होता. आपल्या गाण्याला एका वेळी एकच सूर लागतो, तो उजव्या हाताला पुरतो. आणि पेटी उचलून बैलगाडीत टाकून कुठल्याही गावाला नेता येते.

संगीत नाटकांत मात्र पायपेटी आणि ऑर्गन राहिले. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिच्या संस्थापकांत बालगंधर्वांबरोबर गोविंदराव टेंबे होते, आणि टेंबे स्वतः नावाजलेले पेटीवादक. नाट्यगीताच्या मागे तो भरलेला, दाट आवाज ऐकू येतो ना, तो ऑर्गनचा. तिथे हवेचं काम पायांकडे, म्हणून डावा हात सुरांवर. पण ते नाटक कंपन्यांचं वैभव. गावोगाव पोचली ती हातपेटीच.

म्हणजे माझ्या घरात दोन पिढ्या पट्ट्या वाजताहेत आणि दोन पिढ्यांत डाव्या हातानं एकही सूर वाजवलेला नाही. मी पुण्यात बसून ‘मला का जमत नाही’ म्हणून रडत होते.

आणि भाता थांबला

एक गोष्ट आईनं मला फोनवर सांगितली नव्हती. अण्णांची पेटी कपड्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेली होती. डावा खांदा धरला होता. फ्रोजन शोल्डर, डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, व्यायाम करा. हात पुढे घेऊन भाता धरायचा म्हटलं की कळ येते. गणपतीपासून पेटी उघडलेली नाही. भजनाला जातात, मागे बसतात, टाळ्या वाजवतात आणि लवकर परत येतात. ‘‘कंटाळा आलाय,’’ असं सांगतात. अण्णांना कंटाळा येताना मी तरी कधी पाहिलेलं नाही.

त्या रात्री शेजारच्या देवळात भजन होतं. मृदंगावर अकरावीतला एक मुलगा. भजन संपल्यावर तो मृदंगाच्या डाव्या तोंडावरची कणीक खरवडून काढत होता, तेव्हा मी त्याला सहज विचारलं, ‘‘दोन हात दोन वेगळ्या गोष्टी करतात, तुझा गोंधळ नाही होत?’’

तो म्हणाला, ‘‘ताई, दोन हात नाही वाजवायचे. धा वाजवायचा.’’

मला दोन मिनिटं लागली. उजव्या हाताचा बोल ‘ता’. डाव्याचा ‘गे’. आणि दोन्ही एकदम पडले की तो ‘ता आणि गे’ राहत नाही. त्याला वेगळं नाव आहे, ‘धा’. तबल्यातही तसंच. एकट्या उजव्याचा ‘तिं’, त्यात डावा मिसळला की ‘धिं’. तोंडानं बोल म्हणताना शिकणारा पोरगा दोन हातांचा विचार करतच नाही. त्याच्या डोक्यात एकच अक्षर असतं आणि हात ते अक्षर वाजवतात.

मी काय करत होते? उजव्याची स्केल अधिक डाव्याची स्केल. दोन प्रोग्राम एकाच वेळी चालवायचा प्रयत्न. म्हणून सिस्टिम हँग. दोन्ही हातांची स्केल ही बेरीज नाहीये, ती तिसरीच एक गोष्ट आहे आणि ती पहिल्यापासून, तिच्या स्पीडनं शिकावी लागते. दोन्ही हात वेगवेगळे पक्के असले तरीही.

पियानोतला ‘धा’

मग मी पियानोतले ‘धा’ शोधायला बसले. दोन्ही हातांची बोटं कागदावर एकाखाली एक लिहिली:

उजवा: १-२-३-१-२-३-४-५
डावा: ५-४-३-२-१-३-२-१

दिसलं? तिसऱ्या सुराला दोन्हीकडे ३. सहाव्या सुराला पुन्हा दोन्हीकडे ३. म्हणजे ‘ग’ आणि ‘ध’ला दोन्ही हातांची मधली बोटं एकदम पडतात. दोन सप्तकं वाजवली तरी हेच. हे झाले आपले धा. वळणांवर लक्ष ठेवायचंच नाही. ‘ग’ला भेटायचं, ‘ध’ला भेटायचं, मधलं आपोआप जुळत जातं. मी ‘सा रे धा म प धा नी सां’ असं म्हणत वाजवायला लागले. गाणारे वैतागतील, पण हात ऐकायला लागले.

दुसरी गोष्ट, आरसा. त्या हट्टी सवयीशी भांडायच्या आधी तिचा फायदा घ्या. दोन्ही अंगठे एकाच ‘सा’वर ठेवा आणि उजवा वर, डावा खाली असे लांब जा. आता दोन्ही हातांना तीच बोटं आणि वळणही एकाच वेळी: १-२-३-१-२-३-४-५. पहिल्याच दिवशी जमतं. दोन हात एकत्र वाजताहेत, ही भावना हातांना आधी मिळू दे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटली. शोपाँ हा पियानोचा बाप माणूस. तो शिष्यांना सी मेजरपासून सुरुवात करूच द्यायचा नाही. वाचायला सगळ्यात सोपी, पण हाताला सगळ्यात अवघड, असं त्याचं म्हणणं. तो सुरुवात करायचा बी मेजरनं. म्हणजे आपली पांढरी सात. पाच काळ्या, दोन पांढऱ्या पट्ट्या. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आरामात बसतात आणि आखूड अंगठा पांढरीवर. यातली आणखी एक मजा दोन्ही हातांनी वाजवल्यावर कळते: वर जाताना दोन्ही अंगठे एकदम येतात, त्या दोनच पांढऱ्या पट्ट्यांवर. हातांना चुकायला जागाच नाही.

हे मी अण्णांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पांढरी सातात कोण गातंय?’’

झोपा, पण आधी वाजवा

आता ‘वय झालं आपलं’ म्हणणाऱ्यांसाठी. १९९५ मध्ये गॉटफ्रीड श्लाउग आणि सहकाऱ्यांनी वादकांच्या मेंदूंचे स्कॅन पाहिले. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा जो पूल असतो, त्याचा पुढचा भाग सातव्या वर्षाआधी शिकायला लागलेल्यांत मोठा दिसला. म्हणजे क्लासातल्या त्या चिमुरडीला आपल्यापेक्षा रुंद रस्ता मिळालाय, हे मान्य. पण अरुंद रस्त्यावरूनही गाडी जाते, फक्त हळू चालवावी लागते.

आणि आपल्यासाठी एक चांगली बातमीही आहे. २००२ मध्ये हार्वर्डमधल्या मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना बोटांचा एक क्रम टाइप करायला शिकवला, तोही डाव्या हातानं. रात्रीची झोप झाल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला होता आणि चुका वाढल्या नव्हत्या. म्हणजे रविवारी सलग तीन तास घासण्यापेक्षा रोज रात्री दहा-पंधरा मिनिटं वाजवून झोपा. उरलेलं काम मेंदू करतो, फुकटात.

ट्राय करून बघा

● दोन्ही हातांची बोटं कागदावर एकाखाली एक लिहा. जिथे नंबर जुळतात तिथे गोल करा. ते तुमचे ‘धा’.

● पहिले तीन दिवस फक्त आरसा: अंगठे एकत्र, हात लांब आणि परत.

● मग पांढरी सात, दोन्ही हात एकाच दिशेनं. अंगठे एकदम पडताहेत का तेवढंच बघा. सी मेजर त्यानंतर.

● स्पीड असा ठेवा की चूक करायला वेळच मिळेल, पण चूक होणार नाही. मेट्रोनोम ६०वर, एका टिकला एक सूर. कंटाळा आला तर समजा स्पीड बरोबर आहे.

● अडकलात तर पहिल्यापासून सुरू करू नका. अडकलेला सूर, त्याच्या आधीचा एक आणि नंतरचा एक, एवढे तीनच पाच वेळा वाजवा.

● एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड पुरे. फक्त पट्ट्या पूर्ण आकाराच्या हव्यात. पियानोच्या सगळ्या ८८ पट्ट्या स्केलला लागत नाहीत.

तर, पुढे काय झालं

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आत चहा करत होते आणि ओसरीवरून हरिपाठाची चाल ऐकू आली. अण्णा कीबोर्डपुढे बसले होते. उजव्या हातानं वाजवत होते. भाता नाही, त्यामुळे खांद्याला त्रास नाही. आवाज त्यांना आवडला नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं, पण हात थांबत नव्हता. आणि डावा हात? तो मांडीवर होता. मग गुडघ्यावर. मग परत मांडीवर. पस्तीस वर्षं कामाला असलेल्या माणसाला अचानक घरी बसवल्यावर तो जसा घरभर फिरतो, तसा.

मी जवळ जाऊन बसले. त्यांचा डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. कोपर अंगालगत राहत होतं, कळ आली नाही.

‘‘याला काय येतंय?’’ अण्णा म्हणाले.

‘‘मलाही दोन महिन्यांपूर्वी काही येत नव्हतं.’’

करंगळी, अनामिका, मधलं बोट. सा, रे, ग. मधलं बोट पडलं तेव्हा मी म्हटलं, ‘‘आता उजव्याचंही मधलंच. एकदम. धा.’’ पडलं. थोडं पुढे-मागे, पण पडलं. अण्णांनी माझ्याकडे न बघता पुन्हा वाजवलं.

कीबोर्ड मी तिथेच ठेवून आले. आईला सेलचं पाकीट देऊन आले. सध्या मी क्लासातल्या पियानोवर वाजवते आणि उरलेल्या दिवशी डायनिंग टेबलावर. फ्लॅटमेटला माझी काळजी वाटते.

पेटी अजून कोनाड्यातच आहे. खांद्याला वेळ लागेल, डॉक्टर म्हणाले ते खरं आहे. पण गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन आला. अण्णा स्वतःहून फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून उचलला.

‘‘झोपलीस का?’’

‘‘नाही. काय झालं?’’

‘‘काही नाही. ते ‘ग’ला जमायलंय. पण ‘प’ झाल्यावर डाव्याची बोटं संपायलीत. पुढं कोणतं बोट म्हणालीस?’’

‘‘मधलं, अण्णा. अंगठ्यावरून.’’

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग लांबून, हळू, एका टिकला एक सूर, डाव्या हाताची आख्खी स्केल.